आइसलँडसारख्या चिमुकल्या देशाचा महिला फुटबॉल संघ इतका चांगला कसा?

मुख्य श्रेय स्थानिक क्लबांना. या देशाची लोकसंख्या ४ लाखांच्याही आत आहे, पण गावोगावी क्लब आहेत आणि तिथे लहान मुलींनाही परवानाधारक, पगारी प्रशिक्षक शिकवतात. हिवाळ्यात बाहेर खेळणं कठीण, म्हणून २००० सालापासून छत असलेली पूर्ण आकाराची मैदानं उभी राहिली. त्यामुळे सराव वर्षभर चालतो. माझ्या मते हाच निर्णय सगळ्यात मोलाचा ठरला.

निकाल पाहा. २००९ ते २०२५ या काळात झालेल्या पाचही युरो (युरोपातल्या देशांच्या) स्पर्धांसाठी हा संघ पात्र ठरला. २०१३ मध्ये तर उपांत्यपूर्व फेरी गाठली. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये जर्मनीला जर्मनीतच ३-२ असं हरवलं, डाग्नी ब्रिन्यार्सदोत्तिरने दोन गोल केले. २०२४ मध्ये राजधानी रेक्याविकला पुन्हा जर्मनीच, यावेळी ३-०! मोठ्या देशांचे संघही इथे सहज जिंकत नाहीत.

खेळाडूंपैकी सारा ब्यर्क गुन्नार्सदोत्तिर हे नाव जरूर लक्षात ठेवा. २०२० च्या चॅम्पियन्स लीग या युरोपीय क्लब स्पर्धेच्या अंतिम सामन्यात तिने लिऑन या फ्रेंच क्लबसाठी गोल केला. पुढे गरोदरपणातल्या थकीत पगारासाठी त्याच क्लबविरुद्ध ती लढली आणि जिंकली. जगभरच्या महिला खेळाडूंना त्या निकालाचा आधार मिळाला, याचं मला फार अप्रूप आहे.

विश्वचषक मात्र अजून हुकतोच आहे. २०२२ मध्ये प्लेऑफमध्ये, म्हणजे पात्रतेच्या शेवटच्या टप्प्यात, पोर्तुगालने जादा वेळेत ४-१ ने रोखलं. त्याच वर्षीच्या युरोत गटातले तिन्ही सामने १-१ बरोबरीत सुटले आणि संघ न हरताच बाहेर पडला.