म्युनिकला जाण्याआधी: बैठका तुम्हाला येतात, शिस्तीचे तेवढे बघा

तुम्ही मूळचे निपाणीचे, इंजिनिअरिंग बेळगावात झालेले, गेली सात वर्षे हिंजवडीत आणि त्यांतली शेवटची दोन प्रोजेक्ट लीड म्हणून. आता म्युनिकच्या एका कंपनीचे बोलावणे आले आहे आणि तुम्ही विचारता, की ‘आम्ही इथे ॲजाइलच करतो, मग तिथे नवीन काय शिकावे लागेल?’ (ॲजाइल म्हणजे सॉफ्टवेअर छोट्या टप्प्यांत करून दर टप्प्याला तपासून घेण्याची पद्धत.) मी बेळगावच्या शहापूरचा. म्युनिकला येऊन मला नऊ वर्षे होत आली आणि येताना माझीही हीच समजूत होती, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बैठकांपुरते म्हणाल, तर नवीन काहीच नाही. स्प्रिंट, म्हणजे कामाचा एक ठरावीक टप्पा, एक महिन्याहून मोठी नसावी, रोजची बैठक १५ मिनिटांत संपावी, महिन्याच्या स्प्रिंटचे नियोजन फार तर ८ तासांचे, झालेले काम दाखवण्याचा रिव्ह्यू ४ तासांचा आणि कामाची पद्धत सुधारण्यासाठी मागे वळून पाहण्याचा रेट्रो ३ तासांचा, हे स्क्रम गाइडचे (ॲजाइलमधल्या स्क्रम या चौकटीच्या नियमपुस्तिकेचे) नियम पुण्यात आहेत तेच इथे आहेत. ते गाइड मात्र निघण्यापूर्वी एकदा निवांत वाचा. २०२० ची आवृत्ती पंधरा पानांच्या आत आहे. वाचताना लक्षात येईल, की आपण दर शुक्रवारी क्लायंटला ज्यांचा तक्ता पाठवतो ते स्टोरी पॉइंट (कामाच्या आकाराचा अंदाज) आणि व्हेलॉसिटी (एका स्प्रिंटमध्ये होणारे पॉइंट) हे शब्दच त्यात नाहीत, आणि प्रोजेक्ट मॅनेजर नावाचे पदही नाही. तिथे जबाबदाऱ्या तीनच: काय करायचे ते ठरवणारा प्रॉडक्ट ओनर, पद्धत नीट पाळली जाते ना ते बघणारा स्क्रम मास्टर आणि प्रत्यक्ष काम करणारे डेव्हलपर. तुम्ही आज ‘लीड’ म्हणून जे करता ते या तिघांत वाटले जाणार, तेव्हा ऑफर स्वीकारण्यापूर्वी दोन गोष्टी स्पष्ट विचारून घ्या: कामांचा क्रम कोण ठरवतो आणि कामाचा अंदाज कोण देतो. दुसऱ्या प्रश्नाला ‘डेव्हलपर’ याखेरीज दुसरे उत्तर आले, तर ती कंपनी नावापुरतीच ॲजाइल आहे असे समजायला हरकत नाही.

खरा फरक बैठकांच्या बाहेर आहे, आणि तो मला दुसऱ्याच स्प्रिंटमध्ये कळला. ग्राहकांची जुनी माहिती नव्या रचनेत आणण्याचे एक काम माझ्याकडे होते. सोमवारी, मंगळवारी आणि बुधवारी रोजच्या बैठकीत मी ‘नव्वद टक्के झाले आहे’ असे सांगत राहिलो. बुधवारी शेजारच्या सहकारी बाईंनी शांतपणे विचारले, ‘उरलेल्या दहा टक्क्यांत काय काय आहे?’ मी सांगू लागलो आणि सांगता सांगता माझाच आवाज खाली गेला: टेस्ट (कोड तपासणारे छोटे प्रोग्रॅम) लिहायच्या होत्या, कोड रिव्ह्यू (दुसऱ्याने कोड वाचून तपासणे) व्हायचा होता, आणि टेस्ट सर्व्हरवर ते काम एकदाही चालवून पाहिलेले नव्हते. शुक्रवारी स्प्रिंटचे उद्दिष्ट हुकले. रेट्रोमध्ये मला कोणी बोलले नाही. प्रश्न एकच आला, की हे सोमवारी ठाऊक होते, तर आम्हाला बुधवारी का कळले? माझ्याकडे उत्तर होते, पण ते जर्मनीत सांगण्यासारखे नव्हते. ‘करतो सर, होऊन जाईल’ असे म्हणणे हा आपल्याकडे कामसूपणाचा पुरावा मानला जातो, आणि ‘अडलो आहे’ असे म्हणणे हा कमीपणा.

याची लाज अधिक वाटली, कारण ही शिस्त मी लहानपणी डोळ्यांनी पाहिली होती. माझ्या मामांचे उद्यमबागेत लेथचे छोटे वर्कशॉप होते. लॉट पन्नासाचा असो वा पाचशेचा, पहिला नग गेजवर पास झाल्याशिवाय दुसरा मशीनवर चढत नसे. गेजची ‘गो’ बाजू भोकात सरळ गेली पाहिजे आणि ‘नो गो’ बाजू अडली पाहिजे, इतकीच ती परीक्षा. टर्नर वीस वर्षांचा जुना असला, तरी ‘बरोबर झालाय, मालक’ या त्याच्या शब्दावर नग टोपलीत पडत नसे. सॉफ्टवेअरमध्ये ‘डेफिनिशन ऑफ डन’ (काम ‘झाले’ कधी म्हणायचे याची व्याख्या) म्हणतात ती हीच गोष्ट. आमच्या टीमच्या व्याख्येत आपोआप चालणाऱ्या टेस्ट, दुसऱ्या कोणाचा तरी रिव्ह्यू, मुख्य शाखेत (सगळ्यांच्या सामाईक कोडमध्ये) मर्ज आणि टेस्ट सर्व्हरवर प्रत्यक्ष चालवून पाहणे हे सगळे आहे. यातले एक जरी राहिले तरी काम शून्य टक्के झाले असे धरतात. नव्वद टक्के हा आकडाच फलकावर नाही.

माझ्या मते आपल्याकडच्या कंपन्यांनी ॲजाइलचा निम्मा भागच उचलला. ॲजाइलचा जाहीरनामा फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या स्नोबर्ड इथे १७ जणांनी लिहिला. त्यांच्यापैकी केंट बेक यांनी त्याआधीच, १९९६ पासून, क्रायस्लरच्या पगारप्रणालीच्या कामात एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगच्या पद्धती वापरून पाहिल्या होत्या: आधी टेस्ट मग कोड, दोघांनी मिळून लिहिणे, केलेले काम सतत एकत्र जोडत राहणे. बैठका स्वस्त असतात, म्हणून आपण त्या घेतल्या. या सवयी महाग पडतात, म्हणून त्या सोडल्या. इथल्या मुलाखतीत तुम्हाला रेट्रो कसा घेता हे क्वचितच विचारतील, पण तुमची पुल रिक्वेस्ट (कोडमधला बदल मुख्य शाखेत घेण्याची विनंती) सरासरी किती ओळींची असते आणि बिल्ड (सगळा कोड एकत्र करून चालता करणे) तुटला तर सगळ्यात आधी कोण काय करतो, हे नक्की विचारतील. म्हणून स्क्रमच्या प्रमाणपत्रावर फार पैसे घालू नका.

जर्मन माणूस जात्याच शिस्तीचा असतो, हे मात्र खरे मानू नका. बरेचसे काम कायदा करतो. इथे दिवसाचे काम ८ तासांचे, फार तर १० तासांपर्यंत वाढवता येते आणि एका दिवसाचे काम संपल्यापासून दुसऱ्या दिवसाचे सुरू होईपर्यंत सलग ११ तासांची विश्रांती द्यावी लागते. त्यामुळे रिलीजच्या आदल्या रात्री पिझ्झा मागवून सगळ्यांनी पहाटेपर्यंत बसण्याचा आपला हक्काचा उपाय इथे नियमितपणे चालत नाही, आणि चूक पहिल्याच दिवशी पकडणे भाग पडते. तसेच, जिथे कामगार प्रतिनिधींची परिषद असते तिथे एकेका माणसाचे काम मोजू शकणारी यंत्रणा त्यांच्या संमतीशिवाय लावता येत नाही. लीडच्या सवयीने जिरामधून (कामांची नोंद ठेवण्याच्या सॉफ्टवेअरमधून) ‘कोणी किती पॉइंट केले’ असा तक्ता काढू नका. पहिल्याच आठवड्यात वाद ओढवून घ्याल.

तुमची निम्मी टीम पुण्यात असणार आहे असे लिहिता. घड्याळात उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तासांचे अंतर पडते, म्हणून रोजची बैठक म्युनिकच्या सकाळी साडेनऊला ठेवा. पुण्यात तेव्हा एक किंवा दोन वाजलेले असतात. मराठी, कानडी, हिंदी आणि इंग्रजी एकाच वाक्यात कालवण्याची आपली सीमाभागातली सवय तोंडी बोलण्यात फार उपयोगी पडते, पण तिकिटात (एकेका कामाच्या नोंदीत) जे लिहाल ते एकाच भाषेत आणि पूर्ण वाक्यांत लिहा. ‘डिस्कस झाल्याप्रमाणे’ एवढेच लिहिलेल्या तिकिटाचा अर्थ महिन्याभराने स्वतःलाही लागत नाही.

शेवटी तुम्ही जरा संकोचाने विचारले आहे, की गणपतीला दहा दिवस गावी येता येईल का. जरूर येता येईल. पाच दिवसांच्या आठवड्याला वर्षाला किमान २० दिवसांची रजा कायद्यानेच मिळते आणि बहुतेक कंपन्या त्याहून जास्त देतात. प्रोबेशन सहा महिन्यांपर्यंतचे असते. त्या काळात सलग मोठी रजा मागायची असेल तर ती ऑफरच्या बोलण्यातच मांडा. एरवी तारखा वसंतातच टीमच्या कॅलेंडरवर टाकून ठेवा. त्या स्प्रिंटमध्ये तुमचे दिवस वजा करूनच काम घेतले जाईल, आणि विसर्जनाच्या रात्री बेळगावच्या मिरवणुकीत तुमचा फोन वाजणार नाही.