'यातना' आणि 'वेदना' यांत फरक काय? 'दाढदुखीने मला फार यातना झाल्या' हे वाक्य चूक आहे का?

चूक नाही, पण दाढेला जरा जास्तच मान दिलाय.

मीही हा घोळ घातलेला आहे. भाषांतराच्या कामात नवा होतो. शस्त्रक्रियेआधी रुग्णांच्या हातात द्यायच्या माहितीपत्रकात मी लिहिलं, 'पहिले दोन दिवस टाक्यांच्या जागी यातना होतील.' तपासणाऱ्या बाईंनी त्या शब्दाभोवती लाल गोल काढला आणि समासात लिहिलं, 'हे वाचून पेशंट खाटेवरून उठून पळेल.' तिथे 'वेदना' हवं होतं. खरं तर 'दुखेल' एवढंही पुरलं असतं.

'वेदना' विद् धातूवरून आला, म्हणजे जाणणं. 'वेद' आणि 'संवेदना' त्याच घरातले. मुळात वेदना म्हणजे नुसती जाणीव. बौद्ध विचारात तर सुखद वेदनाही असते, दुःखदही, आणि धड सुखद ना दुःखद अशीही. मराठीत येईपर्यंत तिच्यातलं सुख गळलं, दुखणं तेवढं उरलं. पण ती होण्यासाठी कुणाचा दोष लागत नाही, हे तसंच राहिलं. सुई टोचली, वेदना झाली, संपलं.

'यातना'चं तसं नाही. संस्कृतात या शब्दाला केल्या कर्माची परतफेड, शिक्षा असा वास आहे. मनुस्मृतीच्या 12व्या अध्यायात तर पापी माणसाला मेल्यावर खास यातना भोगण्यासाठी वेगळं शरीर मिळतं, असं सांगितलंय. (केवढी ती तयारी!) 'यमयातना', 'नरकयातना' हे शब्दही त्याच कल्पनेतले. म्हणजे यातना म्हटली की देणारा आला, भोगणारा आला, आणि भोगणाऱ्याला सुटका नाही हेही आलं. 'त्याने मला वेदना दिल्या' म्हटलं तर मन दुखावल्यासारखं वाटतं. 'त्याने मला यातना दिल्या' म्हटलं की डोळ्यांसमोर कोठडी उभी राहते. संयुक्त राष्ट्रांच्या 1984च्या छळविरोधी करारातही व्याख्येचा कणा हाच आहे: दुःख तीव्र हवं आणि ते जाणूनबुजून दिलेलं हवं.

मग 'कॅन्सरच्या यातना' आपण कसं म्हणतो? माझ्या मते, आजार महिनोन्‌महिने पाठ सोडत नाही तेव्हा आपण त्यालाच छळणारा मानू लागतो. नुसत्या तीव्रतेने हा शब्द लागू होत नाही. बाळंतपणाच्या कळा कमी का असतात? तरी जोडशब्द रुळला तो 'प्रसववेदना'च.

वापरताना अनेकवचन सहज बसतं: यातना भोगल्या, सोसल्या, यातनांतून सुटला. 'मला यातना झाली' कानाला खटकतं. एकवचन चालतं ते बहुधा 'ते भाषण ऐकणं ही एक यातनाच होती' अशा तिरकस बोलण्यात, आणि तिथे शब्द मुद्दाम मोठा वापरलेला असतो, म्हणूनच मजा येते. आणखी एक, टाइप करताना 'याचना' होत नाहीये ना ते बघा. एका अक्षराने छळ सोसणारा माणूस हात पसरायला लागतो.

तुमच्या वाक्याचं म्हणाल, तर दाढेसाठी मी 'रात्रभर दाढ ठणकत होती' असं लिहीन. 'ठणका', 'कळ', 'चमक', 'सणक' हे शब्द दुखण्याची जातच सांगतात; 'यातना'ला ते जमत नाही. पण दंतवैद्याने तुमची तारीख तीनदा पुढे ढकलली असेल, तर 'यातना' राहू द्या. देणारा सापडला.