वाचक विचारतात : स्विस शेतकऱ्याची स्मरणसभा

प्रश्न : आम्ही अमेरिकेत, विस्कॉन्सिनमधल्या न्यू ग्लॅरसजवळ राहतो. आमच्या क्वायरमधले (समूहगान मंडळातले) एक वृद्ध स्विस शेतकरी नुकतेच गेले. तरुणपणी इथे आले, जन्मभर गाई सांभाळल्या, क्वायरमध्ये खालचा बास, म्हणजे सगळ्यांत खालची ओळ, गायचे. सगळ्यांचा फार जीव होता त्यांच्यावर. सभेची आखणी माझ्याकडे आली आहे. योडेल (आल्प्समधलं, आवाज पालटत गायचं गाणं) आणि अल्पहॉर्न (फुंकून वाजवायचं लांब लाकडी शिंग) दोन्ही हवं, असा आग्रह आहे. कसं जमवावं?

उत्तर : आधी वेळ ठरवा. धारा दिवसातून दोनदा, साधारण बारा तासांच्या अंतराने काढतात. सभा सकाळी अकराला ठेवा आणि एकपर्यंत संपवा. चारला ठेवलीत, तर त्यांच्या बरोबरीचे शेतकरीच येऊ शकणार नाहीत.

गाणी तीन पुरेत. दुःखात गळा आवळतो, श्वास तोकडा पडतो, वरचे टेनर (उंच पुरुषी आवाज) ताणतात आणि वाद्याविना गाताना सूर उतरत जातो. म्हणून साधी गाणी नेहमीपेक्षा अर्धा ते एक स्वर खाली घ्या आणि प्रत्येक गाण्याआधी सूर नव्याने द्या. खालचा बास आता एका आवाजाने उणा आहे. पहिल्या बासमधल्या, म्हणजे त्याच्या लगेच वरच्या ओळीतल्या, एकाला आजपासूनच तिथे बसवा, नाहीतर वरच्या तिन्ही ओळी अधांतरी राहतील.

योडेलची पट्टी मात्र उतरवू नका. त्याचा जीव छातीच्या आवाजातून डोक्याच्या (पातळ, उंच) आवाजात मारलेल्या उडीत असतो. पट्टी फार खाली गेली की वरचे स्वरही छातीतूनच निघतात आणि उडी नाहीशी होते.

अल्पहॉर्न क्वायरबरोबर नको, वेगळाच वाजू द्या. स्वित्झर्लंडमध्ये तो बहुधा काळी तीनचा, सुमारे साडेतीन मीटर लांब असतो. पांढरी चारचाही मिळतो. त्याला ना कळा ना छिद्रं, त्यामुळे फक्त स्वयंभू स्वर, म्हणजे मूळ स्वराच्या पटीतले स्वर, निघतात. त्यातला अकरावा शुद्ध आणि तीव्र मध्यमाच्या मधोमध पडतो. एकट्याने ऐकताना तो फार सुंदर लागतो, क्वायरच्या मध्यमाशी मात्र भांडतो. नळी थंड असेल तर सूर उतरलेला येतो. वाजवणाऱ्याला आधी काही मिनिटं फुंकून ती गरम करू द्या.

प्रश्न : त्यांच्याविषयी लिहिताना काय चुकतं? — तेच वाचक

उत्तर : न्यू ग्लॅरस १८४५ मध्ये ग्लारुस कँटनमधून (स्विस प्रांतातून) आलेल्यांनी वसवलं, म्हणून प्रत्येकाला ग्लारुसचा ठरवलं जातं. या भागात बर्नकडचेही पुष्कळ आले, आणि त्यांची बोली वेगळी. गाणं निवडतानाही हे पाहा. दुसरी चूक स्विस कागदपत्रांमुळे होते. त्यात ‘हाइमाटोर्ट’ म्हणजे घराण्याचं मूळ गाव लिहिलेलं असतं. माणूस तिथे कधी राहिलेलाही नसू शकतो. जन्मगाव घरच्यांना विचारून वेगळं लिहा. गाई कोणत्या, तेही विचारा. स्विस माणसाकडे ब्राउन स्विस जातीच्याच गाई असणार, असं गृहीत धरू नका. होल्स्टीन जातीच्याही असू शकतात. आणि ‘क्वायरमध्ये गात’ एवढ्यावर थांबू नका, ‘दुसरा बास’ (म्हणजेच खालचा बास) असं स्पष्ट लिहा. क्वायरच्या जुन्या हजेरीवरून वर्षंही मिळतील.