आजीच्या डब्यात घोडेस्वाराची १९१८ ची गिनी सापडली. खरी आहे का? सोनाराकडे मोडावी का?

एवढ्यात मोडू नका. घोड्यावर सेंट जॉर्ज, पायाखाली ड्रॅगन, मागे पंचम जॉर्जचा मुखवटा असेल तर ते सॉव्हरिन, म्हणजे ब्रिटिशांचं सोन्याचं नाणं. आपण त्यालाच गिनी म्हणतो. मूळ गिनी हे वेगळं नाणं, ती १८१७ मध्ये हे नाणं येण्याआधीच बंद पडली होती.

आता भिंग घ्या. घोड्याच्या टापांखाली जमिनीची रेघ आहे, तिच्यावर, सालाच्या बरोबर मध्यावर, इंग्रजी ‘आय’ हे बारीक अक्षर शोधा. ती मुंबईच्या टांकसाळीची खूण, आणि ती फक्त १९१८ चीच. ‘एस’ म्हणजे सिडनी, ‘एम’ मेलबर्न, ‘पी’ पर्थ, ‘सी’ ओटावा. अक्षरच नसेल तर सावध व्हा: बिनअक्षराचं नाणं लंडनचं, आणि लंडनने १९१८ साली सॉव्हरिन पाडलंच नाही.

मग वजन. ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर ७.९९ यायला हवं, झिजून ७.९४ पर्यंत चालतं. व्यास २२ मिलिमीटर. त्याच काट्यावर पाण्याची वाटी ठेवून शून्य करा, नाणं दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका. आकडा ०.४५ च्या आसपास आला तर धातू २२ कॅरेटचा. पितळ असेल तर दुपटीच्या आसपास जाईल. पण नकलाही खऱ्या सोन्याच्या निघतात, म्हणून अक्षरं पाहायचीच. ओतीव नकलेत ती बुळबुळीत दिसतात आणि सपाट भागावर बारीक खड्डे असतात.

कडी डाग देऊन बसवली असेल तर वजन वाढलेलं दिसेल आणि कडेच्या खाचा तिथे वितळलेल्या असतील. असं नाणं संग्राहकाच्या दृष्टीने जवळपास सोन्याच्याच भावाचं. कडी काढायला जाल तर आणखी बिघडेल.

किमतीचा पाया सोपा: शुद्ध सोनं ७.३२ ग्रॅम, त्याला त्या दिवसाच्या २४ कॅरेटच्या भावाने गुणा. सोनार याहून कमीच देईल, वर घट धरेल. मुंबईची जवळपास १३ लाख नाणी पाडली गेली, त्यामुळे घबाड हाती लागलं असं समजू नका. पण चांगल्या अवस्थेतल्या नाण्याला सोन्यावर चार पैसे जास्त मिळतात, म्हणून आधी नाण्यांच्या व्यापाऱ्याला दाखवा. आणि दाखवण्यापूर्वी रिठा, चिंच, टूथपेस्ट काहीही लावू नका. घासलेलं नाणं त्याला दुरूनच कळतं.