चोपडा तालुक्यात विकासात्मक दिव्यांग मुलांसाठी संस्था काढायची आहे. आम्ही सहा जण आहोत, दोन लाख जमलेत. आधी काय करावं?

पहिलं वर्ष तरी इमारतीत पैसा घालू नका. स्वमग्नता (ऑटिझम), सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणं) किंवा बौद्धिक अक्षमता असलेलं मूल तुमच्याकडे आठवड्यातून तासभर येणार, बाकी सगळा वेळ आई-आजीजवळच असणार. त्यामुळे आईच्या हाताला वळण लावणारं केंद्र हवं. दोन लाखांतला मोठा वाटा फिजिओथेरपिस्ट, वाचा-उपचारतज्ज्ञ आणि विशेष शिक्षकाच्या मानधनाला व लोकांच्या येण्या-जाण्याच्या भाड्याला ठेवा. विशेष शिक्षकाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, ते आधी पाहा.

केंद्र आठवडे बाजाराच्या दिवशी भरवा. सातपुड्याच्या पायथ्याचे लोक त्या दिवशी तालुक्याला येतातच. वेगळं भाडं लागत नाही, मजुरी बुडत नाही. अशा केंद्रांत मुलं गळतात ती बहुधा कापूस वेचणीच्या दिवसांत. कुटुंब ऊसतोडीला जाणार असेल तर निघण्यापूर्वी रोजचे तीन-चारच व्यायाम चित्रांसह एका कागदावर द्या. वीस व्यायामांची यादी दिली तर एकही होत नाही.

मुलं शोधायला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तालुका पथकाला भेटा. हे पथक अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा तपासणी करतं आणि शंका असलेलं मूल जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे (वाढीतल्या अडचणींवर लवकर उपचार सुरू करणारं सरकारी केंद्र) पाठवतं. बोलत नसलेल्या प्रत्येक मुलाची श्रवणचाचणी आधी करून घ्या. ऐकू न येणारं मूल स्वमग्न समजलं गेलं तर त्याची मोलाची वर्षं जातात.

सामान फार लागत नाही. जाड चटई, खाली बसवलेला आरसा, थेरपी बॉल, घट्ट बांधलेली गादीची वळकटी आणि आधाराची खुर्ची पुरे. खुर्ची गावचा सुतार करेल, माप मात्र फिजिओथेरपिस्टनेच घ्यावं: कंबर, गुडघे, घोटे काटकोनात आणि तळपाय टेकलेले. वाढत्या अंगाची म्हणून मोठी केली की मूल पुढे घसरतं, पाठीला बाक येतो. भरवणं तर पहिल्याच दिवशी दाखवा. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला आडवं ठेवून पेज पाजली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते आणि न्यूमोनिया होऊ शकतो. मूल सरळ बसलेलं, हनुवटी किंचित खाली, घास छोटा, आणि पहिला गिळल्याशिवाय दुसरा नाही.

भाषेचा आग्रह सोडा, हे मी कळकळीने सांगतो. घरात 'आठे ये' (इकडे ये) ऐकणाऱ्या मुलाशी आईने शाळेची मराठी बोलावी, असा सल्ला अनेकदा दिला जातो. त्यातून आई कमी बोलते, एवढंच होतं. अहिराणी असो वा पावरी, घरची भाषाच राहू द्या. दोन भाषांमुळे स्वमग्न मुलाचं बोलणं मागे पडत नाही. चित्रपट्ट्यांवर मुलाने पाहिलेलं असू द्या: केळीचा घड, बैल, भाकर. प्रश्न विचारल्यावर मनात पाचपर्यंत मोजून थांबायला आईला शिकवा. आपण लगेच उत्तर देऊन मुलाची पाळी घेतो.

कागदपत्रांत तुमचा खरा उपयोग होईल. युडीआयडीचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, अर्ज भरताना आधार आणि जन्मदाखल्यावरचं नाव जुळलं नाही की तो अडकतो, म्हणून ते आधी दुरुस्त करून घ्या. पाच वर्षांखालच्या मुलाला बौद्धिक अक्षमतेचं प्रमाणपत्र तात्पुरतं मिळतं. नूतनीकरणाची तारीख तुमच्या वहीत हवी, नाहीतर मुदत संपल्याचं सवलत नाकारली गेल्यावरच कळतं.

संस्थेची नोंदणी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होते. मात्र दिव्यांग हक्क कायदा 2016 च्या कलम 50 प्रमाणे दिव्यांगांसाठीची संस्था चालवायला स्वतंत्र नोंदणी प्रमाणपत्र लागतं. नुसत्या ट्रस्टवर केंद्र उघडू नका. पुढे राष्ट्रीय न्यासाकडे (अशा मुलांसाठीची केंद्र सरकारची संस्था) नोंदणी झाली की मुलांचे निरामय आरोग्य विम्याचे अर्ज तुम्हालाच भरता येतील. त्यात वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण मिळतं, आणि नियमित थेरपीचा खर्चही ठरलेल्या मर्यादेत बसतो.