इनहिबिटरला 'प्रतिबंधक' नको, 'रोधक' म्हणा

कराडच्या एक एमएस्सीवाल्या ताई विचारतायत की मराठीत सेमिनार द्यायचाय, विषय साखरेचं रूपांतर करणारी बॅक्टेरियातली एन्झाईम्स (रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं), तर त्यांचं काम अडवणाऱ्या रेणूला, इनहिबिटरला, काय म्हणू, रेणू एन्झाईमवर जिथं येऊन बसतो त्या बाइंडिंग साइटला काय, आणि "प्रतिबंधकामुळे बंधनस्थान उघडकीस येते" हे वाक्य चालेल का.

व्याकरणात बसतंय, पण वाचताना पोलीस पंचनामा वाटतोय. उघडकीस घोटाळे येतात ताई, जागा कळते नाहीतर सापडते.

'प्रतिबंधक' मला पटत नाही, कारण लस रोगप्रतिबंधक असते, म्हणजे गोष्ट व्हायच्या आधीच थांबवणारी, आणि इनहिबिटर तर चालू काम मंद करतो, कधी पार बंद पाडतो. 'निरोधक' अर्थानं बरोबर आहे, पण सरकारी निरोध आठवून मागच्या बाकावर खसखस पिकणार आणि पुढचा सेमिनार कुणी ऐकणार नाही. 'रोधक' घ्या. गतिरोधक सगळ्यांना माहितीये, तो गाडीचा वेग कमी करतो, इंजिन बिघडवत नाही. लिहिताना विकररोधक (विकर म्हणजे एन्झाईम), बोलताना सरळ इनहिबिटर, त्यात लाज कसली.

बाइंडिंग साइटला 'बंधनस्थान' पुस्तकी ठीक, पण 'बंध' म्हटलं की पोरांना अणूंमधला पक्का सहसंयुज बंध आठवतो आणि इथं बहुतेक वेळा रेणू येतो, बसतो, उठून जातो. आपलं 'बसणं' इथं लई कामाचं आहे, माणूस खुर्चीत बसतो आणि नट बोल्टला बसतो, दोन्ही अर्थ एकाच क्रियापदात. म्हणून मी 'बसायची जागा' म्हणेन. 'बैठक' नको, तिचे आपल्याकडं भलतेच अर्थ आहेत.

आता रोधकामुळं जागा कळते कशी, तर ग्लुकोज आयसोमरेज घ्या, ग्लुकोजचं फ्रुक्टोज करणारं एन्झाईम, स्ट्रेप्टोमायसिस, आर्थ्रोबॅक्टर अशा बॅक्टेरियात सापडतं, मुळात झायलोज या साखरेवर चालणारं म्हणून खरं नाव झायलोज आयसोमरेज. त्याच्या स्फटिकात ग्लुकोज सोडलं तर क्रिया चालूच राहते, एक्स-रेनं रचना बघताना थोडं हे, थोडं ते अशी खिचडी दिसते. त्याऐवजी झायलिटॉल किंवा सॉर्बिटॉल हे रोधक सोडतात. हे दिसायला साखळी उघडलेल्या साखरेसारखेच, पण टोकाला अल्डिहाइड हा क्रिया करणारा गट नाही, त्यामुळं दुसऱ्या कार्बनवरून पहिल्यावर जो हायड्रोजन सरकायला लागतो तो सरकतच नाही, आणि रेणू नुसता बसून राहतो. एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात तसं, प्रवास करत नाही पण सीट कुठली ते बाहेरून कळतं. झायलिटॉलचे दुसऱ्या आणि चौथ्या कार्बनवरचे ऑक्सिजन एका धातूच्या आयनाला धरलेले दिसले, तिथं जवळच दुसराही आयन असतो, मॅग्नेशियम, मँगनीज किंवा कोबाल्टचा. स्फटिकांचा अभ्यास करणारे डेव्हिड ब्लो यांच्या लंडनच्या गटानं १९९० साली ५-थायोग्लुकोजही वापरलं, त्यात साखरेच्या कड्यातल्या ऑक्सिजनच्या जागी गंधक असतं, त्यामुळं बंद कडं कसं बसतं तेही दिसलं. म्हणजे आधी कडं बसतं, मग उघडतं, मग हायड्रोजन सरकतो, ही सगळी गोष्ट रोधकांनी सांगितली.

एक मात्र स्लाइडवर जपून लिहा. रोधक असतानाही साखर वाढवत नेली की क्रियेचा वेग परत पूर्वीएवढा होतो, याला स्पर्धात्मक रोधन म्हणतात, पण तेवढ्यावरून "साखरेची आणि रोधकाची जागा एकच" असं ठाम म्हणू नका, कारण रोधक दुसरीकडं बसून साखरेची जागा मिटवत असेल तरी आकडे तसेच येऊ शकतात. स्फटिकात दिसलं तरच म्हणा.

आणि उसाचं उदाहरण द्यायचा मोह होईलच, तोडलेला ऊस पडून राहिला की ल्युकोनॉस्टॉक हा बॅक्टेरिया उसातल्या साखरेचं, सुक्रोजचं, डेक्स्ट्रान करतो, रस चिकट होतो, कारखानेवाले वैतागतात. जरूर द्या, पण तिथं फक्त एका साखरेची दुसरी होत नाही, ग्लुकोजची लांबलचक साखळी बनते आणि फ्रुक्टोज सुटं पडतं, म्हणून त्या एन्झाईमला आयसोमरेज म्हणू नका, डेक्स्ट्रानसुक्रेज म्हणा. तुमचं वाक्य मी असं करेन: "झायलिटॉल हा रोधक विकरात जिथं बसला, तिथंच साखर बसत असणार हे स्फटिकावरून कळलं."