कासवाच्या पाठीचा रंग फिका पडलाय. नीट काळजी घेतली तर तो परत येतो का?

तुम्ही विचारलंय की स्लायडर कासव आणलं तेव्हा त्याची पाठ पोपटी होती, चार वर्षांत ती मातकट-पांढुरकी झाली. आता मोठा टब, लाइट, चांगलं खाणं असं सगळं केलं तर पहिला रंग येईल का? पोपटी रंग येणार नाही, तो पिल्लाचाच रंग असतो. वयाबरोबर पाठ शेवाळी, मग तपकिरी होते आणि काही म्हातारे नर तर जवळजवळ काळे पडतात. पण पांढुरकेपणा जाऊ शकतो. किती जाईल, हे तो कशामुळे आलाय यावर आहे.

माझ्याकडे नऊ वर्षांपासून एक रेड इअर्ड स्लायडर आहे, नाव बंड्या. पुढे कळलं की ती मादी आहे (नराच्या पुढच्या पायांची नखं लांबलचक असतात, हिची आखूड), पण नाव तेच राहिलं. आणली तेव्हा दहाच्या नाण्यापेक्षा जराशी मोठी होती. दुकानदार म्हणाला, याला काही लागत नाही, रोज चार दाणे टाका. आम्ही खरंच तेवढंच केलं. पांढरा प्लास्टिकचा टब, बोअरचं पाणी, खिडकीच्या काचेतून येणारं ऊन आणि वाळवलेल्या कोळंबीचे दाणे. तीन वर्षांत तिची पाठ जुन्या सिमेंटच्या फरशीसारखी दिसायला लागली.

सगळ्यात आधी एक साधी गोष्ट करून पाहा. पाठ ओली असताना रंग दिसतो आणि वाळल्यावर पांढरी पडते का? तसं असेल तर बराचसा दोष पाण्याचा आहे. आपल्या नागपुरात हे वेगळं समजवायला नको. उन्हाळा संपल्यावर कूलरच्या ताट्या काढा, त्यांच्यावर जो पांढरा थर बसलेला असतो तोच बंड्याच्या पाठीवर होता. मी बोअरचं पाणी बंद केलं, नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवून वापरायला लागलो, आणि आठवड्यातून एकदा मऊ टूथब्रशने हलक्या हाताने पाठ घासू लागलो. हलक्या हाताने यासाठी की पाठीला स्पर्श कळतो, ती काही निर्जीव ढाल नाही. महिन्याभरात अर्धी पाठ उजळली. म्हणजे ज्याला मी तीन वर्षं ‘रंग उडाला’ म्हणत होतो, तो अर्धा नुसता मळ होता.

उरलेल्या अर्ध्याला मात्र वेळ लागला. पाठ म्हणजे खाली हाड आणि वर केराटिनच्या चकत्या. मधे पाच, दोन्ही बाजूंना चार-चार आणि कडेने बारक्यांची रांग. केराटिन म्हणजे आपल्या नखातलंच द्रव्य. नखावर पांढरा डाग पडला तर तो पुसून जात नाही, नख वाढतं तसा पुढे सरकतो आणि कापला जातो. इथंही तसंच. तयार झालेली चकती खाण्यापिण्याने सुधारत नाही, नवीन तयार होणारी सुधारते. स्लायडरच्या बाबतीत आपलं नशीब चांगलं, कारण त्याच्या जुन्या चकत्या अधूनमधून सुटून पडतात. जमिनीवरच्या कासवांच्या चकत्या तशा सुटत नाहीत, एकावर एक साचत जातात. म्हणून त्यांच्या पाठीवर एकदा उंचवटे आले की ते जन्मभर राहतात, फक्त पुढची वाढ सपाट होऊ शकते.

मी काय बदललं? मुख्य म्हणजे ऊन. काचेतून आलेल्या उन्हात उष्णता असते, पण यूव्हीबी (उन्हातले अतिनील) किरण काचेतच अडकतात, आणि ते नसतील तर शरीरात डी3 जीवनसत्त्व बनत नाही, कॅल्शियम खाऊनही हाडाला लागत नाही. यूव्हीबीची ट्यूब लावली. ती वर्षाच्या आत बदलावी लागते. उजेड देत राहते, पण किरण कमी झालेले असतात. तिच्या खाली पूर्ण कोरडं बसता येईल असा दगड ठेवला, तिथे 32 ते 35 अंश, पाणी 25 च्या आसपास. कोरडं होता येणं फार गरजेचं. चोवीस तास ओलं राहिलेल्या कासवाच्या चकत्या नीट सुटत नाहीत, खाली बुरशी धरते. हिवाळ्यात पाण्यात हीटर, कारण डिसेंबरात थंडी पडली की ती खाणंच सोडायची.

उन्हाचा अतिरेकही करू नका. एकदा मे महिन्यात सकाळी टब गच्चीवर ठेवला आणि फोनवर बोलत बसलो. अर्ध्या तासाने पाण्यात हात घातला तर चटका बसला. बंड्या वाचली, पण दोन दिवस काही खाल्लं नाही. आता नवतपाच्या (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांच्या) आसपास तर ती घरातच असते, आणि एरवीही अर्ध्या टबावर सावली असल्याशिवाय बाहेर नाही.

खाण्यात गाजराचा कीस, लाल भोपळा, लेट्यूस वाढवलं, दाणे कमी केले. पालक क्वचितच, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवतं. इतवारीत काष्ठौषधीच्या दुकानातून समुद्रफेस (कटलफिशचं कॅल्शियमवालं हाड) आणला, त्याचा तुकडा पाण्यात टाकला की ती कुरतडत बसते.

साधारण पाच महिन्यांनी एका सकाळी पाण्यावर कांद्याच्या सालीसारखं काहीतरी तरंगताना दिसलं. उजेडात धरलं तर आरपार दिसत होतं, वर नखासारख्या बारीक रेघा. पाठीवरची एक चकती सुटली होती आणि खाली गडद शेवाळी, पिवळ्या रेघांची नवी चकती, नुकती पुसलेल्या काचेसारखी. बाजूच्या चकत्या अजून धुरकट होत्या. कडा उचलली गेलेली चकती मध्येच चंदेरी दिसते, कारण आत हवा शिरते. तेव्हा घाबरू नका आणि ओढून काढू तर मुळीच नका.

आता एक गंमत. माझ्या यशाचं श्रेय मी सगळं ऊन आणि गाजराला देत होतो. नंतर वाचनात आलं की स्लायडर काळ्या तळावर ठेवले तर गडद होतात, पांढऱ्यावर फिके, असं प्रयोगात दिसलं आहे. आणि मी त्याच सुमारास पांढरा टब काढून काळी टाकी आणली होती! त्यामुळे रंगावरून तब्येत ठरवू नका. पाठ कडक आहे का, डोळे उघडे नि स्वच्छ आहेत का, उन्हात येऊन बसते का, हे बघा.

शेजारच्या काकूंनी सुचवलं होतं, “थोडं खोबऱ्याचं तेल लावून पाहा न, कशी चमकून राहील.” चमकते, दोन तास. मग त्यावर धूळ बसते आणि पाण्यावर तवंग येतो. पॉलिश, रंग यांचं तर नावच नको.

पाठ बोटाने दाबल्यावर दबत असेल, खड्डा पडला असेल, वास येत असेल किंवा पोटाकडे लालसर झाली असेल, तर माझं हे उत्तर बाजूला ठेवून सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात घेऊन जा.

आणि काळ्या पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं कासव असेल, तर ते स्टार कासव. ते घरात ठेवणं बेकायदा आहे. 2022 च्या दुरुस्तीनंतर तर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. वनविभागाच्या 1926 वर फोन करा. स्लायडरचा कंटाळा आला तरी त्याला फुटाळा किंवा अंबाझरी तलावात सोडू नका, ते बाहेरचं आहे आणि इथल्या कासवांच्या पोटावर पाय देतं.

पाठीचा एक फोटो ओला असताना, एक वाळल्यावर आणि एक पोटाकडचा टाकाल का? म्हणजे मळ आहे की चकती सुटायला आली आहे, हे सांगता येईल. कासवाला हात लावल्यावर आपले हात साबणाने धुवा, लहान मुलं असतील तर जास्तच.